चोक ओढला की गप्प

24 ऑक्टोबर 2025, देवगाव रंगारी

काल भाऊबीज झाली. आज बहिणीला लासूर स्टेशनला सोडायचं म्हणून आमची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी काढली. जूनपासून ती पत्र्याच्या शेडखाली उभी होती. यंदा सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यात माणसांना बाहेर पडायची सोय नव्हती, गाडीचं काय घेऊन बसलात.

चोक ओढून सेल्फ मारला. जरा कुरकुरली, पण सुरू झाली. गावातून नीट गेली. गाव सुटल्यावर इंजिन गरम झालं, चोक आत ढकलला आणि बॉनेटखाली फट् झालं. थोड्या वेळाने पुन्हा. रेस दिली की आधी दम खाते, मग आवाज, मग झटका. उतारावर पाय काढला की मागून सायलेन्सरमधूनही एखादा बार. कपाशीत वेचणीला वाकलेल्या बाया सरळ होऊन बघायला लागल्या. "सर, दिवाळी संपली की!" एकीने ऐकवलंच.

स्टेशनच्या अलीकडे बैलगाडीमागे हळू व्हावं लागलं, तर बंदच पडली. बहीण शेवटी रिक्षाने गेली. चहाच्या टपरीवरून चारजण उठून आले. एक म्हणाला प्लग, दुसरा म्हणाला पेट्रोलमध्ये भेसळ, तिसऱ्याने बॅटरीवर बोट ठेवलं. चौथ्याचा सल्ला भंगारचा होता. यातल्या कोणीही बॉनेट उघडून बघितलं नव्हतं.

परत येताना चोक अर्धा ओढून ठेवला. काळा धूर, पेट्रोलचा वास, पण बॉनेटखालचा आवाज एकदम बंद. सायलेन्सरमधला मात्र चालूच. आज एवढंच लिहून ठेवतो. पुढे कोणी काहीही सांगितलं तरी या निरीक्षणावर घासून बघायचं.

25 ऑक्टोबर

गाडी 1991 ची, एम एच 20 पासिंगची. थोरल्या बंधूंनी घेतली. स्टेअरिंगवरचा गियर, 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, सोलेक्सचा कार्बोरेटर. तिच्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. नव्या गाडीला आपलं दुखणं पडद्यावर लिहून दाखवता येतं. हिच्या बाबतीत कान, नाक आणि प्लगचा रंग, एवढंच आपल्या हाती.

कारखाना मुंबईत कुर्ल्याचा. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली; 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट आली आणि पुढे सत्तरच्या दशकात तीच पद्मिनी झाली. गंमत अशी, की आमच्याच जिल्ह्यात आज शेंद्र्याला चारचाकी बनते आणि वाळूजला 1985 पासून बजाजच्या दुचाकी. पण कार्बोरेटर लावता येणारा माणूस शोधायला निघालं तर गावोगाव विचारत फिरावं लागतं. 2020 मध्ये बीएस-सहा लागू झालं आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर गेला. तिशीच्या आतल्या मिस्तरीने तो उघडलेलाच नसतो, यात त्याचा काय दोष?

कालच्या निरीक्षणाचा अर्थ असा. आवाज कुठून येतो यावर निम्मं निदान होतं. सायलेन्सरमधून बार निघतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन एक्झॉस्टमध्ये पेटलेलं असतं: ठिणगी चुकते आहे, टायमिंग मागे पडलंय, मिश्रण फार दाट आहे किंवा एक्झॉस्टच्या पॅकिंगमधून बाहेरची हवा शिरते आहे. कार्बोरेटरमधून फट् होतं त्याचं कारण बहुधा उलटं, म्हणजे मिश्रण पातळ. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की ज्वाला हळू जळते. ओल्या काटक्यांच्या चुलीसारखी ती धुमसतच राहते आणि पुढचा इनलेट व्हॉल्व्ह उघडला तरी सिलिंडरात विस्तव शिल्लक असतो. आत येणारं ताजं मिश्रण त्यावर पेटतं आणि आवाज उलटा कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर पडतो.

चोक ओढल्यावर मिश्रण दाट होतं. आवाज थांबला, म्हणजे रोग पातळपणाचाच. पण चोकने सायलेन्सर गप्प झाला नाही. माझा संशय असा की दुखणी दोन आहेत आणि एकाच वेळी बोलताहेत.

दुपारी चारही प्लग काढले. बदामी-तपकिरी रंग हवा होता. चारही पांढुरके निघाले. ही मोठी खूण. मॅनिफोल्डच्या एका टोकाला हवा शिरत असती तर एखाद-दुसराच प्लग पांढरा पडला असता. एकच व्हॉल्व्ह बसत नसता तर आवाजाला ठराविक ताल असता. चारही सारखे, म्हणजे बिघाड चौघांच्या वाटणीच्या आधीचा: कार्बोरेटर, त्याची बैठक किंवा त्यामागचा पेट्रोलचा रस्ता.

27 ऑक्टोबर

गावातला मिस्तरी आला. पोरगा हुशार आहे, ट्रॅक्टरचा आवाज रस्त्यावरून ऐकून दोष सांगतो. आला आणि तडक डिस्ट्रिब्युटरच्या क्लॅम्पला पाना लावला. "सर, टायमिंग थोडं फिरवून बघतो, लगेच कळतंय."

मी हात धरला. जुन्या गाड्यांची निम्मी वाट या एका वाक्याने लागते. टायमिंग फिरवलं की कधी कधी आवाज दबतोही. खरा दोष तसाच राहतो आणि वर एक नवा बसतो. फिरवायचंच तर आधी खिळ्याने खूण करायची, म्हणजे परत जागेवर येता येतं. आणि त्याच्याही आधी डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट. पॉइंटची फट बदलली की टायमिंग आपोआप बदलतं, तेव्हा फट न मोजता टायमिंगला हात घालण्यात अर्थच नाही.

कॅप काढली. पॉइंटच्या एका तोंडावर टेकाड, दुसऱ्यावर खळगा. कंडेन्सर मरायला लागला की पॉइंट असे जळतात. इंजिन थंड असताना चालतं, गरम झालं की ठिणगी मलूल होते. पॉलिश पेपरने घासून, फिलर गेजने 0.45 मिलिमीटरच्या आसपास फट बसवली. कंडेन्सर नवा हवाच. पुतण्या पुण्यात असतो, त्याला फोन केला; नाना पेठेत मिळेल म्हणाला. तोवर पेटीतला जुना, पण चांगला कंडेन्सर लावला. प्लगच्या वायरी 1-3-4-2 या क्रमाने आहेत ना, हेही पुन्हा बघितलं. हात लावलेल्या प्रत्येक गाडीत ते बघावं.

गाडी फिरवून आणली. सायलेन्सरमधले बार थांबले. कार्बोरेटरमधली फटफट जशीच्या तशी. पोरगा थोडा खट्टू झाला. मला उलट बरं वाटलं, दोन दुखणी वेगळी झाली. त्याने पॉइंट, कंडेन्सर, जेट, पॅकिंग सगळं एकदम बदललं असतं तर गाडी कदाचित आजच नीट झाली असती. पण कशाने, ते कळलं नसतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा सगळंच बदलावं लागलं असतं.

सुट्या भागांबद्दल एक. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. शेवटची 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली, वीस वर्षांची मुदत संपली. पेपरांत सगळ्यांनी आठवणी लिहिल्या. आमच्यासारख्यांना वेगळाच फटका बसला: टॅक्सीवाल्यांच्या जिवावर पद्मिनीच्या सुट्या भागांची बाजारपेठ उभी होती.

29 ऑक्टोबर

आज पेट्रोलची पाळी. चहाच्या टपरीवरचा आवडता आरोपी.

निवृत्त होताना शाळेतून काही आणलं नाही, पण एक मोजपात्र माझं स्वतःचं होतं. त्यात टाकीतलं 80 मिली पेट्रोल घेतलं, वर 20 मिली पाणी घातलं, तोंड बंद करून हलवलं आणि ठेवून दिलं. खाली बसलेला पाण्याचा थर 20 वरून 35 च्या आसपास गेला. वाढलेलं पाणी नव्हे, पेट्रोलमधून पाण्यात उतरलेलं इथेनॉल. म्हणजे निदान जास्तीच्या इथेनॉलची भेसळ नाही. पंपावर जे मिळायला हवं तेच मिळालं आहे: वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. आधी हे लक्ष्य 2030 चं होतं, ते 2025 वर आणलं आणि गाठलंही. उसाच्या राज्यात राहून इथेनॉलला शिव्या घालणं जरा अवघडच. आमच्या पाहुण्यांतले अर्धे ऊसवाले.

पण हिशेब मांडून बघू. पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला 9. वीस टक्के मिश्रणाला येते सुमारे 13.5. म्हणजे तेवढ्याच हवेत आता नऊ टक्के जास्त इंधन पडायला हवं. नव्या गाडीचा सेन्सर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघून ते आपणहून वाढवतो. पद्मिनीचा जेट म्हणजे पितळेचं एक भोक. 1991 मध्ये जेवढं पाडलं तेवढंच आजही आहे. तेव्हा मिश्रण थोडं पातळ होणारच.

थोडं. चोकशिवाय चालूच नये इतकं नाही. गेल्या उन्हाळ्यात हेच पेट्रोल होतं आणि गाडी वेरूळला जाऊन आली होती. सगळं खापर इथेनॉलवर फोडायला माझी तयारी नाही. त्याने काय केलं असेल ते टाकीत बघायचं.

संध्याकाळी टाकी रिकामी केली. निम्म्या टाकीने पावसाळा काढला होता, हेच मुळात वाईट. वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा बसते. तळाला पाण्याचे मणी आणि विटकरी गाळ. वर्षानुवर्षं पत्र्याला चिकटलेला गंज आणि डिंक अल्कोहोल सोडवतं, मग तो नळीतून पुढे निघतो. पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाच्या जाळीवरही तोच गाळ. पंपाला जोडलेली रबरी नळी बोटाने दाबली तर भेग पडली. ती जुन्या काळच्या पेट्रोलसाठी केलेली, हे पेट्रोल तिला सोसत नाही. एवढी नळी गरम एक्झॉस्टवर टपकली असती तर या वहीची पुढची पानं कोरीच राहिली असती.

30 ऑक्टोबर

पाऊस. वेचायला आलेला कापूस भिजला. गाडीचा विषय कोणी काढला नाही, मीही नाही.

2 नोव्हेंबर

टाकी धुऊन, नवी नळी आणि फिल्टर घालून आज संभाजीनगर गाठलं. चोक ओढूनच. जुन्या शहरात एक चाचा आहेत, सत्तरी ओलांडलेले. वेरूळ-अजिंठ्याला पाहुणे नेणाऱ्या ॲम्बेसेडर आणि फियाट टॅक्स्यांवर त्यांचा हात बसलेला. आता नातू दुकान बघतो. चाचा फक्त असं काही आलं तर स्टुलावरून उठतात.

मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "चोक में चुप होती?" होते म्हटल्यावर मान हलवली. "हौ. फिर हवा खा रही."

एअर फिल्टर काढला. मी वाकून बघायला गेलो तर मला मागे ओढलं. त्यांच्या उजव्या भुवईचा अर्धा भाग नाही. उघड्या कार्बोरेटरवर तोंड नेलं की काय होतं, याचा तो दाखला. इंजिन मंद चालू ठेवून त्यांनी तेलाच्या कुपीने कार्बोरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या जोडावर, एक-एक थेंब सोडला. मॅनिफोल्डवर काही फरक नाही. कार्बोरेटरच्या बुडाला, इंजिनच्या बाजूच्या कोपऱ्यात थेंब पडला मात्र, इंजिनचा आवाज बदलला, चार-दोन क्षण सुधारला आणि पुन्हा डगमगला. तेलाने भेग तेवढ्यापुरती बंद केली होती. काही मिस्तरी हीच परीक्षा पेट्रोल शिंपडून करतात. तसं करू नये, आणि कोणी करत असेल तर तिथे उभं राहू नये.

कार्बोरेटर उतरवून काचेच्या तुकड्यावर ठेवला. बूड काचेला दोन टोकांना टेकत होतं, मध्ये प्रकाश दिसत होता. गळतंय वाटलं की प्रत्येकजण नट आणखी आवळतो. मऊ धातूचे कान खाली वाकतात, मधला भाग उचलला जातो आणि पॅकिंग कितीही नवं घाला, हवा शिरतेच. चाचांनी काचेवर पॉलिश पेपर चिकटवला आणि बूड त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यात घासायला सुरुवात केली. घाई नाही. मध्येच नातवाला चहा सांगितला, मला माझ्या नोकरीचं विचारलं, शाळेतल्या प्रयोगशाळेत खरंच सामान असतं का, ते विचारलं. खोटं सांगवेना.

मग जेट. स्लोचा जेट डोळ्यासमोर धरला, पलीकडचं आकाश दिसेना. टाकीतला तोच विटकरी गाळ. गाडी हळू झाली की बंद का पडायची, ते इथे कळलं. मंद चालीत इंजिनाचं पोट या एका भोकावर भरतं. नातू तार घेऊन आला, चाचांनी तार काढून घेतली. तारेने भोक मोठं होतं आणि नंतर कुठल्याच स्क्रूने गाडी लागत नाही. भिजत घालून हवेच्या दाबाने साफ केला. ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा कडक झाला होता, तो बदलला. फ्लोट आणि त्याची सुई ठीक होती, ती तशीच ठेवली. चालणारी वस्तू उगाच बदलली नाही, हे मला फार आवडलं.

सगळं बसवून, नट हाताला लागतील एवढेच आवळून गाडी सुरू केली. चोक आत. इंजिन एका लयीत. मिक्श्चरचा स्क्रू त्यांनी आत घेतला, आवाज पडायला लागला तसा बाहेर सोडला, आणि जिथे सर्वांत गोड चाललं तिथे ठेवला. मग कुठे त्यांनी टायमिंग बघितलं. जागेवर होतं.

5 नोव्हेंबर

पुण्याहून नवा कंडेन्सर आला, लावला. गावात, बाजारात, वळणावर, कुठेही बंद पडत नाही. मिस्तरी पोराला बोलावून वाकलेल्या बुडाची गोष्ट सांगितली. त्याने काचेची युक्ती वहीत लिहून घेतली.

8 नोव्हेंबर

घाटाची परीक्षा. कसाबखेड्यावरून वेरूळ, पुढे खुलताबाद, दौलताबादचा घाट उतरून परत चढ. चार माणसं बसवून. सपाटीवर तक्रार नाही. चढावर रेस पूर्ण दिली की मात्र एखादी हलकी फट् अजून येते. माझ्या हिशेबातले नऊ टक्के उरलेत, ते हेच.

चाचांकडे परत गेलो. आमच्या मेन जेटवर 120 कोरलेलं आहे, म्हणजे 1.20 मिलिमीटरचं भोक. त्यांनी डब्यातून 125 चा काढून दिला. व्यास चार टक्क्यांनी वाढला, क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी. कागदावरच्या नऊच्या इतकं जवळ. मी आकडेमोड दाखवली तर चाचा म्हणाले, त्यांनी अलीकडे आलेल्या सगळ्या जुन्या गाड्यांना एक नंबर वरचाच जेट घातलाय. आकडेमोड न करता.

इंजिनाने घाट निमूट चढला. उतरल्यावर प्लग काढून बघितला: बदामी.

13 नोव्हेंबर

पीयूसी काढली. बीएस-दोनच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे. मोठ्या जेटमुळे धाकधूक होती, पण गाडी आत बसली. महिनाअखेर आरसीची मुदत संपते. वीस वर्षांवरच्या चारचाकीच्या फेरनोंदणीची फी ऑगस्टपासून दहा हजार झाली आहे, पूर्वी पाच होती. भरणार आहे.

इथेनॉलचं म्हणाल तर माझं मत असं: त्याने दोष निर्माण केला नाही, झाकलेले उघडे केले. वाकलेलं बूड, जळका पॉइंट, गंजकी टाकी हे सगळं आधीपासून होतंच. त्याचा स्वतःचा वाटा एका नंबरच्या जेटएवढा आणि एका रबरी नळीएवढा. यातला नळीचा वाटा जास्त गंभीर. ज्यांच्या दारात अजून कार्बोरेटरची गाडी उभी आहे, त्यांनी बाकी काही केलं नाही तरी चालेल. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी या आठवड्यात दाबून बघा, आणि भेग दिसली तर नवी टाकेपर्यंत सेल्फ मारू नका.